सहावा फ्यूज

"किती दाखवतोय?" ह्यांनी विचारलं.

"अकरा पॉइंट सहा."

"नीट बघ. लाल सळई लाल टोकालाच टेकलीय ना?"

"टेकलीय. अकरा पॉइंट सहाच आहे."

"हं," हे म्हणाले.

सकाळचे आठ वाजले असतील. माझी पूजा नुकतीच आटोपली होती. आमची गाडी मालवणच्या अलीकडे, रस्त्यालगतच्या एका बंद काजू कारखान्याच्या आवारात उभी होती. हे दाराच्या पायरीवर बसले होते आणि मी आत गुडघे टेकून, बाकाखालच्या कप्प्यात डोकं घालून मीटरवरचे आकडे वाचत होते. आजारपणापासून ह्यांचे हात थरथरायचे. त्यामुळे हात माझे आणि अक्कल ह्यांची, अशी आमची वाटणी ठरली होती.

"काल सकाळी किती होतं?"

"अकरा पॉइंट नऊ. परवा बारा पॉइंट दोन."

"म्हणजे रोज उतरतंय."

"आज पंखा किती हळू फिरत होता बघितलंत ना? म्हणून तर मी म्हटलं, आज शोधूनच काढू." मी कप्प्यातून डोकं बाहेर काढलं. "रात्री मशीन चाललं ना नीट?"

"चाललं की. तू उठलीस तेव्हा चालू नव्हतं का?"

चालू होतं. पाचला उठून मी कानातलं यंत्र घातलं तेव्हा पहिला ऐकू आला तो मशीनचाच आवाज. फुस्स करून थांबायचं, पुन्हा फुस्स. नळी ह्यांच्या नाकाला होती. मी पडल्या जागेवरून देवाला हात जोडले आणि आंघोळीच्या पाण्याचं बघायला लागले.

ही गाडी म्हणजे जुनी बारा सीटांची मिनीबस. हे वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले त्या वर्षी ह्यांनी ती घेतली आणि आमच्या मिरजेच्या अंगणात दीड वर्ष खपून तिचं घर केलं. दोन बाकं, ओटा, छोटा फ्रीज, आणि मागच्या खिडकीशेजारी माझं देवघर. गाडीत दोन बॅटऱ्या होत्या. एक इंजिनाची, तिला हात लावायचा नाही. दुसरी घराची. पंखा, दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज आणि आता ह्यांचं रात्रीचं ऑक्सिजनचं मशीन, सगळं तिच्यावर. गाडी चालली की इंजिन तिला भरायचं, उभी राहिली की ती एकटी सगळं ओढायची.

डॉक्टरांनी प्रवासाला कसंबसं हो म्हटलं होतं. "दिवसा चालेल, गाडीसुद्धा तास-दोन तास चालवू दे. पण रात्री मशीन सोडायचं नाही. झोपेत ह्यांचा ऑक्सिजन फार खाली जातो. एक रात्रसुद्धा नाही, आजी." आणि आमचा हेमंत पुण्याहून फोनवर म्हणाला होता, "आई, बॅटरीनं एकदा जरी दगा दिला ना, तर मी ड्रायव्हर घेऊन येणार आणि तुम्हाला घेऊन जाणार. मग ती गाडी विकायची. बाबांना सांगून ठेव."

ह्यांना जायचं होतं भराडवाडीला. अजून दोन तासांची वाट होती. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या वाडीत खांब रोवून वीज नेणाऱ्या टोळीत हे होते. बाविशीतला माणूस, खांद्यावर तारेची गुंडाळी. एका म्हाताऱ्या बाईच्या पडवीत ह्यांनी पहिला बल्ब लावला, तर ती म्हणाली, "लागला तर खरा, पण फुंकायचा कसा?" ही गोष्ट मी चाळीस वर्षांत इतक्या वेळा ऐकली होती की मलाही ती पडवी पाहिल्यासारखी वाटायची. "एकदा जाऊन येऊ," हे म्हणायचे. "मग हेमंतला गाडी विकू दे, नाहीतर तिच्यात कोंबड्या पाळू दे."

"चल, किल्ली फिरव," हे म्हणाले. "इंजिन लाव आणि पुन्हा मीटर बघ."

मी तसं केलं. आकडा सरसर चढला. "तेरा पॉइंट नऊ."

"म्हणजे इंजिनाकडून येतंय. येणारं पाणी बरोबर आहे. बंद कर. आता घरातलं सगळं बंद कर. पंखा, फ्रीज, सगळं. आणि तो चिमट्याचा मीटर घे, जाड वायरीभोवती घाल."

सगळं बंद केलं. गाडीत एकदम सुनं झालं. चिमट्याच्या मीटरवर दिसायला हवं होतं शून्य, नाहीतर शून्याजवळ काहीतरी. मी म्हटलं, "दोन पॉइंट तीन."

"सगळं बंद आहे ना?"

"आहे."

"मग कुठंतरी गळतंय." ह्यांनी पायरीवरून मान वळवून आत बघितलं. "पेटी उघड. फ्यूज एकेक काढत जा आणि आकडा सांग. ज्याला हात लावल्यावर आकडा पडेल, चोर त्या वायरीवर. आणि लक्षात ठेव इंदू, मीटर खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

पेटीत सहा फ्यूज होते. प्रत्येकाखाली ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: पंखा, दिवे, पंप, फ्रीज, इन्व्हर्टर, देवघर. मी पंख्याचा काढला. दोन पॉइंट तीन. दिव्यांचा काढला. दोन पॉइंट तीन. पंपाचा, फ्रीजचा, इन्व्हर्टरचा. आकडा जागचा हलेना. पाचही फ्यूज मी ताटलीत काढून ठेवले आणि सहाव्यावर बोट ठेवून ह्यांच्याकडे बघितलं.

"तो राहू दे," हे म्हणाले. "एवढासा दिवा, उंदराच्या डोळ्याएवढा. तो काय खाणार?"

"पण तुम्हीच म्हणता ना, एकही वायर सोडायची नाही."

"मी म्हणतो ते सगळं तू कधीपासून ऐकायला लागलीस? बॅटरीच गेलीय आतून. मिस्त्रीला बोलवू. आणखी एक बॅटरी जोडून घेऊ, म्हणजे प्रश्नच मिटला."

मी बोट काढून घेतलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्या दिव्याचं सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी हे सोळा दिवस दवाखान्यात होते. आठव्या दिवशी डॉक्टरांनी हेमंतला बाजूला नेलं, आणि मी घरी येऊन पिंडीपुढं समई लावली आणि बोलले, हे घरी आले तर ही ज्योत विझू देणार नाही. हे घरी आले. माझे नेम तसे साधेच. आंघोळीनंतर अभिषेक, एकशे आठ नावं, पूजा होईपर्यंत बोलायचं नाही आणि पाणी प्यायचं नाही. त्यात हा दिवा वाढला. प्रवासाचं ठरल्यावर प्रश्न आला, गाडीत ऑक्सिजनच्या मशीनजवळ ज्योत चालत नाही. तेव्हा ह्यांनी देवघराला एक पिवळा छोटा बल्ब बसवला. "घरची समई विझवायच्या आधी हा लाव," म्हणाले, "म्हणजे तुझ्या महादेवाच्या हिशेबी खंड पडायला नको." स्वतः कधी देवाला हात जोडायचे नाहीत. पण अभिषेकाचं पाणी गाडीत सांडू नये म्हणून ताम्हणाखाली त्यांनी खास तोटी काढली होती, तिला प्लास्टिकची नळी, आणि नळी खाली एका बाटलीत. बाटलीतलं तीर्थ मी रोज झाडाला घालायची.

ह्या तीन दिवसांत बाटली निम्मीसुद्धा भरत नव्हती. मला वाटलं, घाटात हिंदकळून जातंय.

पेट्रोल पंपावरच्या माणसानं नंबर दिला होता, त्यावर फोन केला. अकराच्या सुमाराला स्कूटरवरून मिस्त्री आला. आंतोन डिसोझा. साठीचा, काटकुळा, गळ्यात क्रूस आणि शर्टाच्या खिशात टेस्टर. आल्या आल्या त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"साहेब, ही बस की घर?"

"बाहेरून बस. आत आलास तर चपला काढ, आमची बायको रागावते."

"मी कधी रागावले?" मी म्हटलं.

"तेच तर. रागावत नाही, नुसती बघते. त्यापेक्षा रागावलेली बरी."

आंतोन हसला, चपला काढून आत आला. त्याच्याजवळ बॅटरी तपासायचं यंत्र होतं. थोडा वेळ त्यानं ते लावून ठेवलं, काटा बघितला आणि मान हलवली. "ह्या बॅटरीक काय झालेला नाय." मग आमच्यासाठी पुन्हा नीट सांगितलं, "म्हशीसारखी धट्टीकट्टी आहे, साहेब. नुसती उपाशी."

"तरी आणखी एक जोडून दे," हे म्हणाले. "म्हणजे झालं."

"हंडा गळतोय आणि तुम्ही दुसरा हंडा मागताय." त्यानं फ्यूजची पेटी बघितली. ताटलीतले पाच फ्यूज बघितले. मग पेटीतला उरलेला एक. मग चिमट्याचा मीटर. "साहेब, तुम्ही स्वतः वायरमन ना?"

"छत्तीस वर्षं."

"मग?"

हे दाराबाहेर बघायला लागले. आवारात काजूच्या टरफलांचे काळे ढीग होते, त्यांच्याकडे.

आंतोननं माझ्याकडे वळून विचारलं, "वहिनी, हा सहावा कसला?"

मी त्याला दिवा दाखवला आणि दोन वाक्यांत नवसाचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. आमच्या घरातल्या कुणी इतकं लक्ष देऊन ते ऐकलं नव्हतं. मग तो पुढं झाला, देवांना पाठ न करता देवघराच्या बाजूनं हात घालून त्यानं मागच्या फळीवर तळवा ठेवला आणि तसाच ठेवून उभा राहिला.

"इथं हात लावून बघा."

मी लावला. फळी गरम होती. ताप आलेल्या मुलाचं कपाळ लागतं तशी.

त्यानं दोन स्क्रू काढून फळी थोडी पुढं ओढली. आंबलेल्या दुधाचा वास आला. ताम्हणाखालच्या नळीच्या तोंडाशी बेलाचं पान अडकलं होतं आणि गंधाचा गाळ साचला होता. पाणी नळीत न जाता मागून झिरपत होतं, फळीवरून सरळ दिव्याच्या वायरीवर. जोडावर हिरवा-पांढरा थर चढला होता, वायरीचं कातडं गाडीच्या पत्र्याला घासून फाटलं होतं, आणि त्या ओल्या थरातून बॅटरी दिवसरात्र पत्र्यात गळत होती.

"फ्यूज उडेल एवढं गळत नाही," आंतोन हळू म्हणाला. "पण चोवीस तास गळतंय."

दूध, पाणी, मध, साखर. मीच रोज घातलेलं. तीन दिवस पूजा झाल्यावर मी नेमानं बॅटरीत भोक पाडत होते.

हे अजून बाहेरच बघत होते. ह्यांना आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं आणि आलंही नाही.

"मोठं काम नाही," आंतोन म्हणाला. "जोड कापायचा, नवा करायचा, वायर वरून न्यायची. पण त्यासाठी फ्यूज काढावा लागणार." तो डोकं खाजवत थांबला. "एक करतो. माझ्या स्कूटरच्या बॅटरीवरून दिव्याला वेगळी वायर देतो, मग हा फ्यूज काढतो. दिवा क्षणभरसुद्धा विझायचा नाही. लांब वायर लागेल, ती दुकानात आहे. अर्ध्या तासात आलो."

"हे तू बरोबर बोललास," हे एकदम म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झालेला दिसला. "बघ इंदू. तुझा नेम जागच्या जागी, आणि उद्या सकाळी भराडवाडी."

स्कूटर फाटकाबाहेर गेली. मी गरम पाण्यात फडकं भिजवून ती जागा पुसायला घेतली, तर हे म्हणाले, "ओलं नको लावू आता तिथं." म्हणून मी दुसरं काम काढलं. तो रविवार होता. मशीन भाड्यानं आणलेलं. दुकानदारानं सांगितलं होतं की त्याची जाळी अधूनमधून धुवायची आणि मागचा तासांचा आकडा लिहून ठेवायचा. मशीन किती तास चाललं ते त्याच्या पाठीवर एका चौकटीत दिसतं. गुरुवारी निघताना मी जाळी धुतली होती आणि दिनदर्शिकेत, माझ्या सोमवारांच्या आणि एकादशींच्या खुणांमध्ये, लिहिलं होतं: १४१२.

मी मशीन उचलून ओट्यावर ठेवलं, जाळी काढली, आकडा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"अहो," मी म्हटलं, "चौदाशे एकवीस."

"काय?"

"मशीनचे तास. गुरुवारी चौदाशे बारा होते. तीन रात्री झाल्या."

हे पुन्हा बाहेर बघायला लागले.

"तीन रात्रींचे चोवीस व्हायला हवेत. नऊच झालेत."

"बिघडला असेल आकडा."

"मीटर खोटं बोलत नाही, तुम्हीच म्हणता."

ह्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते थरथरत होते, रोजच्यासारखे. "पहिल्या रात्री चाललं सहा तास," हे म्हणाले. "मग इन्व्हर्टरनं पिकपिक केलं. तुला ऐकू येत नाही रात्री. मी उठलो, बघितलं, तर बॅटरी खाली चाललेली. दिवा पिवळ्याचा तांबडा झाला होता. मशीन बंद केलं तर दिवा पुन्हा सावरला."

"आणि काल?"

"काल तासभर. परवा दोन."

"आणि पहाटे?"

"तू उठायच्या आधी लावायचो."

आवाराच्या भिंतीवर एक खार होती, ती पळाली. मला आठवतं, मी तिच्याकडे बघत होते.

"तुम्हाला कळलं होतं? कुठं गळतंय ते?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. वास आला दुधाचा. छत्तीस वर्षं नाक ह्यातच घातलंय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुझ्या अभिषेकानं वायर खाल्ली? तू अभिषेक सोडला असतास. आणि ते आयुष्यभर मनाला लावून घेतलं असतंस." दम घेऊन हे पुन्हा म्हणाले, "हात चालत असते तर तू आंघोळीला गेलीस की मीच नीट केलं असतं. दोन वायरी धरता येत नाहीत मला आता. म्हटलं, चार रात्रींचा प्रश्न आहे. तेवढं भागेल."

"डॉक्टर म्हणाले होते, एक रात्रसुद्धा नाही."

"तुझा दिवा आणि माझं मशीन, दोघांना पुरेल एवढं नव्हतं गं त्यात."

हे असं म्हणाले, जशी वाटीभर आमटी उरली होती आणि ती त्यांनी मला वाढली.

मी रागावले नव्हते. मी जाळी पाण्यात सोडली, हात पदराला पुसले आणि फ्यूजच्या पेटीपाशी गेले.

"इंदू, थांब. आंतोन वायर घेऊन येतोय. दहा-पंधरा मिनिटं."

"हा दिवा कुणासाठी लावला होता, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे. म्हणून तर."

मी सहाव्या फ्यूजला बोटं लावली. गच्च बसला होता. ह्यांनी बसवलेलं सगळंच गच्च असायचं. दोनदा ओढावं लागलं. निघाला तेव्हा काही आवाज झाला नाही. देवघरातला पिवळा उजेड गेला आणि पिंडी, बाळकृष्ण, ताम्हण, सगळं दिवसाच्या उजेडात साधं दिसायला लागलं. दीड वर्षात पहिल्यांदाच.

मग सवयीनं, कुठंतरी बघायचं म्हणून, ह्यांनी विचारलं, "किती दाखवतोय?"

मी चिमट्याचा मीटर बघितला.

"शून्य."

"हं," हे म्हणाले.

आंतोन आला तेव्हा त्याच्या खांद्यावर वायरीची गुंडाळी होती. दारात चपला काढता काढता त्याची नजर देवघराकडे गेली. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, ह्यांच्याकडेही नाही. गुंडाळी पुन्हा स्कूटरला अडकवून आला आणि खाली बसून जोड कापायला लागला. काम करता करता एवढंच म्हणाला, "नळी मी रुंद घालतो, वहिनी. पान अडकणार नाही."

"वायर नीट करा," मी म्हटलं, "पण फ्यूज घालू नका."

त्यानं घातला नाही. इंजिन दिवसभर मंद चालू ठेवलं, संध्याकाळपर्यंत बॅटरी बारा पॉइंट सात झाली. त्या रात्री मशीन आठ तास चाललं. मी कानातलं यंत्र काढलं नाही.

सोमवारी आम्ही भराडवाडीला पोहोचलो. पडवी राहिली नव्हती, तिथं चिऱ्याचं पक्कं घर होतं आणि घराला कुलूप. पण वळणावरचा खांब होता. लोखंडी, खालून गंजलेला. हे गाडीतून उतरले, पन्नास पावलं चालताना चारदा थांबले, आणि खांबावर हात ठेवून उभे राहिले. वर बघत म्हणाले, "सरळ आहे अजून." मग माझ्याकडे वळून, "तेव्हा हात चालायचे." येताना मी त्यांच्या कोपराला धरलं होतं आणि त्यांनी धरू दिलं. एरवी धरू द्यायचे नाहीत.

घरी परतल्यावर मी समई लावली नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "लावत का नाहीस?" तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पौषात हे पुन्हा दवाखान्यात गेले. ह्या खेपेला नऊ दिवस, आणि घरी आले नाहीत. त्यांना आयसीयूत नेलं होतं तेव्हा मी डॉक्टरांना एकट्यानं गाठलं आणि त्या तीन रात्रींचं सगळं सांगितलं. चोवीसच्या जागी नऊ. विचारलं, "त्यानंच झालं का हे?" डॉक्टर बराच वेळ कागद बघत राहिले. "आजार वाढतच होता, आजी," ते म्हणाले. "किती कशामुळं, हे सांगता येत नाही." त्यांनी मान वर केली असती तर मी विश्वास ठेवला असता.

हेमंतला मी हे कधी सांगितलं नाही. त्यानं गाडी विकली. त्याआधी मी पेटीतून एकच वस्तू काढून घेतली.

ह्याला आता बारा वर्षं होतील. माझे नेम चालू आहेत. आंघोळीनंतर अभिषेक, एकशे आठ नावं, पूजा होईपर्यंत बोलायचं नाही. आता बोलायला तसं घरात कुणी नाहीच. देवाशी माझं भांडण नाही. तो सहावा फ्यूज पिंडीच्या शेजारी डबीत असतो, रोज पूजा झाल्यावर तीही पुसून ठेवते.

फक्त रात्री झोपताना मी कानातलं यंत्र काढत नाही. शेजारची सून म्हणते, काकू, काढून ठेवा, कान दुखतील, बॅटरी फुकट जाते. जाते खरी. पूर्वी पंधरा दिवस पुरायची ती आता आठवडाभरात संपते. मी रविवारी नवी घालते.